ओठांवर आवाज बसवताना

मिलिंदभाऊ,

आधी राग काढून घेते, मग रडायचं ते रडेन. तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं. गेलात त्याबद्दल नाही बोलत, ते कोणाच्या हातात नसतं. तुमच्या आईबद्दल बोलते आहे. चौदा वर्षं आपण एका खोलीत, एका कूलरसमोर बसून कॉम्प्युटरवर लोकांची लग्नं कापली आणि जोडली, आणि आईला ओठ पाहून बोलणं समजतं ही एवढीशी गोष्ट तुमच्या तोंडून कधी निघाली नाही. निघाली असती तर माझ्या हातून जे झालं ते झालं नसतं.

तुम्ही असता तर लगेच म्हणाला असता, तुले विचारता येत नव्हतं का? हो, तेही आहे. आणि हे सगळं मी शाळेच्या मराठीत लिहिते आहे म्हणून वर चिडवलंही असतं, काऊन वं शालू, पुन्याची झाली का? काय करू, तुमच्याशी बोलायचं ते आता कागदावरच बोलायचं, आणि कागद समोर आला की माझा हात शाळेतल्यासारखा चालतो.

तुम्हाला माझा पहिला दिवस आठवतो का? तलावावर जाळं टाकणाऱ्या माणसाची पोर मी. हातात कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट, आणि अंगाला मासोळीचा वास येतो की काय या धास्तीनं पावडरचा अर्धा डबा थापलेला. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागचा तो जिना चढून आले तर तुम्ही नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, स्क्रीन माझ्याकडे फिरवली. कोणाच्या तरी लग्नात नवरदेवाचे मामा भाषण करत होते. मामांचं तोंड आधी उघडायचं आणि आवाज मागून यायचा. सांग काय बिघडलं, असं तुम्ही विचारलं. मी नीट पाहिलं आणि सांगितलं की मामा पिऊन आहेत. तुम्ही इतके हसलात की खालचा झेरॉक्सवाला वर आला. मग डोळे पुसत म्हणालात, ये उद्यापासून.

त्याच आठवड्यात तुम्ही मला ओठ पाहायला शिकवलं. आवाज किती पुढं-मागं झाला ते कानानं नाही कळत, ओठानं कळते, असं म्हणायचे. प, ब, भ, म. ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, म्हणून ही शोधायची. ओठ मिटले तो क्षण चित्रात धरायचा, अक्षर वाजलं तो क्षण आवाजात धरायचा, आणि मधलं अंतर मोजायचं. लग्न कोणाचंही असो, माणसं ती खूण देतातच. 'शुभमंगल' म्हणताना भटजींचे ओठ मिटतात, 'बुद्धं सरणं' म्हणताना भंतेजींचे. त्या दिवसापासून मी कोणत्याही लग्नात गेले की नवरीचे दागिने पाहायचं सोडून लोकांचे ओठ पाहायला लागले. माझ्या स्वतःच्या लग्नातही मी तेच करत होते, आणि नवऱ्याला वाटलं मी त्याच्याकडे टक लावून पाहते आहे. तो अजून त्याच भ्रमात आहे, राहू द्या.

आणि तीन ठिकाणी पाहायचं, हा तुमचा हट्ट. सुरुवातीला एक खूण, मधात एक, शेवटी एक. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर काम सोपं, आवाज उचलायचा आणि तेवढा सरकवायचा. पण फरक वाढत गेला असेल तर सरकवून भागत नाही. मग चित्र आणि आवाज वेगवेगळ्या चालीनं चालले आहेत असं समजायचं, आणि एकाची चाल बदलायची. मला हे पहिल्याच दिवशी समजलं होतं, करायचा मात्र कंटाळा होता. मी सुरुवात जुळवायची, दोन मिनिटं पाहायची आणि पुढच्या लग्नाला लागायची. तुम्ही मागून यायचे आणि सरळ शेवट लावून पाहायचे. तीन तासांच्या डीव्हीडीत शेवटच्या पाठवणीच्या वेळी आवाज अर्धा सेकंद मागे पडलेला असायचा. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.

यावरून आपण किती भांडलो. घुग्घुसचा तो माणूस आठवतो, खाणीतली रात्रपाळी करून तसाच मोटरसायकलवर डीव्हीडी न्यायला आला होता, भुवयांवर कोळशाची धूळ तशीच होती. तुम्ही त्याला म्हणालात, आज नाई देत, शेवटचा अर्धा तास घसरून राह्यला. तो बिचारा म्हणाला, राहू द्या हो भाऊ, लगन झालं, आता पोरगंबी झालं, कोन पाह्यते एवढं. तरी तुम्ही नाही दिली. त्याला चहा पाजून परत पाठवलं. तो गेल्यावर मी तुमच्यावर बरसले. चार फ्रेमचा फरक, भाऊ. डोळ्याची पापणी हलायला याहून जास्त वेळ लागतो. कोणाला फरक पडतो?

तुम्ही स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालात, "ज्याले पडते त्याले पडते."

बस. एवढंच. कोणाला पडतो ते नाही सांगितलं. मला वाटलं, हा तुमचा नेहमीचा आडमुठेपणा. मी त्यावर आणखी चार शब्द सुनावले असतील, मला सवयच आहे.

एक नियम मात्र तुमचाच होता, तो विसरू नका. आवाज जिथं खराब, तिथं शहनाई. माइकची वायर निघाली असेल, जनरेटरचा घोंगाट असेल, बँडवाल्यानं कोणाचं बोलणं बुडवलं असेल, तर त्या तुकड्यावर शहनाई टाकायची, वरून दोन-चार फोटो फिरवायचे, माणसं खूश. हा नियम मी इतका पाळला की माझ्या हाताला तो विचार न करता येतो. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दवाखान्यात मी तुम्हाला एकदाच भेटले. चंद्रपूरला, त्या लांब वॉर्डात, जिथला पंखा कुरकुरत होता. मी काय बोलायला पाहिजे होतं आणि काय बोलले. म्हटलं, भाऊ, आता डीव्हीडीचं काम बंद करू. लोक पेनड्राइव्ह मागतात, मोबाइलवर पाठव म्हणतात, कोऱ्या डिस्क नागपूरहून मागवाव्या लागतात, बर्नर वर्षातून दोनदा रुसतो. तुम्ही आजारी, माणूस अर्धा झालेला, आणि मी तुमच्या उशाशी बसून धंद्याचा हिशेब ऐकवत होते, कारण दुसरं काही बोलले असते तर मला रडू आलं असतं. तुम्ही म्हणालात, एक राहिली आहे, ती झाली की बंद कर. मी विचारलं नाही कोणती. मला वाटलं, असेल कोणाचं लग्न. बसची वेळ झाली होती. तुम्ही हात वर केला, मी पर्स उचलली. आपलं बोलणं तिथे संपलं, आणि मला तेव्हा कळलंही नाही की संपलं.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तेव्हा वहिनींनी मला बाजूला घेतलं आणि तुमचा मोबाइल हातात दिला. त्यात एक व्हिडिओ होता, बारा मिनिटांचा. वहिनींना बाहेर पाठवून, मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून तुम्ही तो एकट्यानंच काढला होता. वहिनी म्हणाल्या, त्यांनी सांगितलं आहे, शालूले म्हना आईसाठी डीव्हीडी करून दे.

तेव्हा मला ती राहिलेली एक समजली. आई भामरागडच्या पुढे, नदीपलीकडे, कुंदाताईंकडे राहतात. तुमची बहीण तिथे अंगणवाडीत आहे. आईंना फोनवर ऐकू येत नाही. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर दिसत नाही. घरात एक जुना डब्बा टीव्ही आणि तुम्हीच नेऊन बसवलेला डीव्हीडी प्लेअर, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीवाला. तेवढा एकच त्यांना चालवता येतो. आजारपणात तुम्हाला तिकडे जाता आलं नाही, आणि तब्येत इतक्या लवकर ढासळेल हे घरात कोणाला वाटलं नव्हतं, म्हणून आईंना आणायचं राहिलं. त्या आल्या त्या शेवटच्या दर्शनालाच. म्हणजे तुमचं आईशी बोलणं झालंच नव्हतं. ते त्या बारा मिनिटांत होतं, आणि ते पोचवायचं काम माझ्याकडे होतं. नदीला पाणी चढलं की रस्ता बंद होतो, मग दिवाळीपर्यंत कशाचा भरवसा नाही.

मी ते काम कसं केलं ते आता सांगते. लपवून काय करू.

मी व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतला आणि तुमचं तोंड दिसल्याबरोबर खुर्ची मागे ढकलली. गाल बसलेले, दाढी वाढलेली, नाकात नळी. "जय भीम, आई," तुम्ही म्हणालात. भ आणि म, ओठ दोनदा मिटले. डीव्हीडीच्या साच्यात टाकल्यावर आवाज दहा फ्रेम मागे होता. मी दहा फ्रेम पुढे घेतला, पहिलं वाक्य जुळलं, आणि त्यापुढे मी पाहिलंच नाही. स्क्रीनकडे पाठ करून बसले. नुसता आवाज ऐकला. धानाच्या बांधीचं, मोटरच्या चावीचं, डोळ्यांच्या ऑपरेशनचं तुम्ही बोलत होता. मधातली खूण नाही पाहिली, शेवटची नाही पाहिली. चौदा वर्षं ज्यासाठी तुम्ही मला टोकलं, तेच मी तुमच्याच व्हिडिओला केलं. कंटाळा नव्हता हो या वेळी. तुमच्याकडे पाहवत नव्हतं.

नवव्या मिनिटाला आवाज थांबला. वळून पाहिलं तर आवाजाची रेघ सपाट झालेली, आणि वर चित्रात तुमचे ओठ हलत आहेत. मला वाटलं, बोट माइकवर आलं असेल, नाहीतर अंगात त्राणच उरलं नसेल. पुढची पावणेतीन मिनिटं तशीच. आवाज खराब. माझ्या हातानं त्याचं काम केलं. शहनाई नाही टाकली, तेवढी अक्कल होती. बासरी टाकली. वरून तुमचे सहा फोटो फिरवले, धम्मदीक्षेच्या कार्यक्रमातला, वहिनींसोबतचा, कॅमेरा खांद्यावर घेतलेला. एवढं सुंदर झालं असं वाटलं की मी स्वतःच पाहून रडले. मग डिस्क बर्न केली, कागदात गुंडाळली आणि भामरागडकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या जीपवाल्याच्या हाती दिली. सुटले असं वाटलं, भाऊ. खरं सांगते, सुटले असंच वाटलं.

पाचव्या दिवशी कुंदाताईंचा फोन आला. त्या फोन लावायला भामरागडपर्यंत आल्या होत्या. आधी माझी चौकशी केली, घरच्यांची केली, आणि मग अडखळत म्हणाल्या की आई डीव्हीडी पाहून जेवली नाही. दोनदा पाहिली आणि बंद केली. म्हणते, तोंड मिलिंदचं आहे आणि आवाज दुसऱ्याच कोणाचा लावला. आणि शेवटी, त्या म्हणाल्या, "आई इचारून राह्यली, तो बोलत होता तं मधातच फोटो काऊन लावले?"

मला राग आला. मी म्हटलं, ताई, आवाजच नव्हता तिथे. आणि आईंना ऐकू येत नाही तर आवाज दुसऱ्याचा हे त्यांना कसं कळलं? मग कुंदाताईंनी जे सांगितलं ते तुम्ही मला चौदा वर्षांत सांगितलं नाही. आई वीस-बावीस वर्षं राइस मिलमध्ये कामाला होत्या. मशीन सुरू असताना तिथे ओरडूनही ऐकू जात नाही, म्हणून मिलमधल्या बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायच्या. त्याच मशीननं आईंचे कान नेले. तुम्ही दोघं भावंडं लहानपणापासून आईशी तसंच बोलत आलात. एका कानानं अजून थोडंसं येतं, आणि टीव्हीच्या डब्याला हात लावला की आवाज हाताला लागतो. हाताला एक शब्द लागला आणि ओठांवर दुसरा दिसला की आईंना काहीच कळत नाही. दोन माणसं एकदम बोलत आहेत असं वाटतं.

फोन ठेवला तेव्हा चार फ्रेमचा फरक कोणाला पडतो ते मला कळलं. तुम्ही लोकांच्या लग्नात आईलाच बसवत होता, होय ना? प्रत्येक डीव्हीडी अशी करत होता की आईंनी कधी पाहिली तर त्यांना समजली पाहिजे. आणि मी म्हणत होते आडमुठेपणा.

मग मी मूळ व्हिडिओ काढला, हेडफोन लावले आणि नवव्या मिनिटावर गेले. या वेळी पाठ नाही केली. माइक सुरू होता, भाऊ. पंख्याची कुरकुर येत होती. कोणाच्या तरी हातून स्टीलचा गिलास पडला, तो वाजला. तुमचा श्वाससुद्धा येत होता. बोट कुठेच आलं नव्हतं. आवाज तुम्ही स्वतःच बंद केला होता. वॉर्डाच्या दाराकडे एकदा पाहिलं, मग कॅमेऱ्यात, म्हणजे आईकडे पाहिलं, आणि मिलमधल्यासारखं बोलायला लागलात. वॉर्डातल्या कोणाला, वहिनींना, मला, कोणालाच ऐकू जायला नको होतं असं काहीतरी. मी त्यावर बासरी टाकली होती, आणि तुमच्या तोंडावर तुमचेच फोटो चिकटवले होते.

खोटं नाही बोलत, मी ते वाचायचा प्रयत्न केला. ओठ पाहायला तुम्हीच शिकवलं होतं ना. हळू करून पाहिलं, पुन्हा पाहिलं. एक म सापडला, एक प, बाकी काही नाही. मग माझीच मला लाज वाटली आणि मी त्या तुकड्यावरून हात काढला.

पण आधीच्या नऊ मिनिटांचं काम माझं होतं. ते मी चार दिवस केलं. मोबाइल उजेड कमी झाला की सेकंदाला कमी चित्रं काढतो, उजेड आला की जास्त. त्या वॉर्डात ढग आला की चित्रं कमी, ऊन पडलं की जास्त. डीव्हीडीला मोजून पंचवीसच लागतात. म्हणून सुरुवातीला जुळलेला आवाज तिसऱ्या मिनिटाला पुढे पळत होता, सहाव्याला मागे राहत होता, आठव्याला पुन्हा पुढे. एक चाल बदलून भागणारं नव्हतं. मी आधी चित्राला सारख्या पंचवीसवर आणलं, आवाज वेगळा काढून डीव्हीडीच्या मापात बसवला, आणि मग तुम्ही जिथे जिथे श्वास घेतला तिथे आवाजाचे तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात एक खूण शोधली. 'मोटर'चा म. 'पानी'चा प. 'बांधी'चा ब. एकेका तुकड्याला त्याच्या ओठांवर नेऊन बसवलं. तुमचं तोंड मी चार दिवसांत इतक्या जवळून पाहिलं की दाढीतला तो खालचा पांढरा ठिपकासुद्धा आता पाठ आहे. त्या चार दिवसांत मला रडू नाही आलं. कामात रडू येत नाही, हेही तुमच्याकडूनच शिकले असेन. शेवटच्या पावणेतीन मिनिटांना कात्री लावली नाही. पंखा, गिलास, श्वास, जसं होतं तसं ठेवलं. डिस्क झाल्यावर कॉम्प्युटरवर नाही पाहिली. खालच्या झेरॉक्सवाल्याच्या घरून जुना प्लेअर आणला आणि त्यावर सुरुवात, मधलं, शेवट, तिन्ही पाहिलं.

या वेळी जीपवाल्याला नाही दिली. सकाळची वडसा गाडी धरली, गडचिरोलीला बदलली, आलापल्लीला बदलली. डिस्क मांडीवर, तिच्यावर हात. शेजारची बाई म्हणाली, पोरी, रिपोट आहेत का? मी हो म्हटलं. भामरागडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जीपनं पुढे गेले. नदीला पाणी यायला लागलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, बाई, आजच्या आज परत फिरजा, उद्याचं सांगता येत नाई.

कुंदाताई अंगणवाडीतून धावत आल्या. तुमच्या आई ओसरीवर बसल्या होत्या. मी जय भीम केलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. तेच पाहणं मी तुमच्या अंत्यविधीच्या दिवशी पाहिलं होतं, प्रत्येकाच्या तोंडाकडे टक लावून, आणि मला वाटलं होतं म्हातारी दुःखानं सुन्न झाली आहे. त्या ऐकत होत्या, भाऊ. तुमच्याबद्दल कोण काय बोलतं ते त्या ऐकत होत्या, आणि आम्ही सगळे तोंडाला रुमाल लावून रडत होतो.

लाईट होती. आई टीव्हीच्या पुढ्यात अगदी हातभर अंतरावर बसल्या आणि डावा तळवा डब्याच्या बाजूला टेकवला, जिथे स्पीकर आहे तिथे. तुम्ही आलात. "जय भीम, आई." त्यांनी मान हलवली. मी तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहत होते. तिसरं मिनिट गेलं, त्यांच्या कपाळावर आठी नाही आली. सहावं गेलं. मोटरची चावी कुठे ठेवली ते सांगताना तुम्ही कुंदाताईंना वेंधळी म्हणालात, तर आई हसल्या आणि मागे वळून कुंदाताईंकडे बोट केलं. आठवं गेलं. मी तेव्हा कुठे नीट श्वास घेतला.

नवव्या मिनिटाला तुम्ही दाराकडे पाहिलंत. आईंनी आपण होऊन हात डब्यावरून काढला आणि मांडीवर ठेवला. तुम्ही आवाजाशिवाय बोलायला लागलात. आणि भाऊ, आईसुद्धा बोलायला लागल्या. तशाच, आवाजाशिवाय. तुम्ही मधे थांबायचे तेव्हा त्या बोलायच्या, त्यांचं झालं की तुम्ही पुढे बोलायचे. ती थांबण्याची ठिकाणं मी हेडफोन लावून ऐकली होती, आणि मला वाटलं होतं तुम्हाला धाप लागते आहे. तिथे तुम्ही आईंसाठी जागा सोडली होती. आई काय उत्तर देतील आणि त्याला किती वेळ लागेल हे तुम्हाला माहीत होतं. कोणी कोणाच्या बोलण्यावर चढलं नाही. मी आयुष्यभर ओठांची आणि आवाजाची सिंक जुळवली आहे, एवढी बरोबर कधी पाहिली नाही. कुंदाताई तोंड फिरवून बाहेर गेल्या, त्यांना ते वाचता येत होतं. मी तिथेच बसून राहिले.

पडदा काळा झाला. आईंनी पदरानं डोळे पुसले. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसांच्या त्या मोठ्या आवाजात बोलल्या. "बाकीचं मायं आहे, ते नाई सांगत. तुयापुरतं आयक. म्हने, शालू सोता येईन हे घेऊन. पह्यले भांडन, मंग येईन. तिले जेवल्याबिगर जाऊ देऊ नको."

तुम्हाला माहीत होतं. मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाती पाठवीन हेही माहीत होतं की काय, कोण जाणे. आईंनी कुंदाताईंना हाक मारली. ताट आलं, भात आणि झिंग्याची भाजी. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. आई समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. बोलायला गेले तर आवाज फुटला नसता. म्हणून मी आवाज काढलाच नाही. नुसत्या ओठांनी म्हटलं, "चुकलं माझं, आई."

त्यांनी ते वाचलं. मग भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

"घे अजून," त्या म्हणाल्या.

मी घेतला, भाऊ.